संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येण्याबाबतचा कायदा आपल्या लहान दुकानाला लागू होतो का?

तापीकाठ (तालुका यावल)

नमस्कार मंडळी.

केळीचे वेफर्स, ज्वारीचे बिबडे, कळण्याचे पीठ आणि काळा मसाला तयार करून विकण्याचा आमचा घरगुती व्यवसाय आहे. आई आणि दोन काकूंनी सुरू केलेल्या या कामात आज अकरा माणसे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईकडच्या खानदेशी कुटुंबांची मागणी फोनवर घेणे अशक्य झाले, तेव्हा एका ओळखीच्या मुलाकडून संकेतस्थळ करून घेतले. आता निम्म्याहून अधिक विक्री तिथूनच होते.

गेल्या आठवड्यात एका कंपनीचा ईमेल आला. आमचे संकेतस्थळ त्यांनी न विचारताच तपासले असून त्यात ४७ त्रुटी आढळल्या आहेत, त्यामुळे अमेरिकेच्या आणि भारताच्या दिव्यांगविषयक कायद्यांचा भंग होत आहे, आणि त्यासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यात लिहिले होते. उपायही त्यांनीच सुचवला आहे. वर्षाला १८ हजार रुपये भरून त्यांचे एक साधन जोडायचे, म्हणजे पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह दिसू लागते आणि 'अनुपालन प्रमाणपत्र' मिळते. वडिलांचे म्हणणे, पैसे भरून मोकळे व्हावे. मला मात्र हा सारा प्रकार संशयास्पद वाटतो. असा कायदा खरोखर आहे का, असल्यास आमच्यासारख्यांना तो लागू होतो का, आणि नेमके काय करावे लागते, हे जाणकारांनी सांगावे. संकेतस्थळाचा दुवा माझ्या परिचयपानावर दिला आहे.

पांझरेचा वकील (धुळे)

तापीकाठ, पैसे भरण्याची घाई करू नका. मात्र कायदा नाहीच, असे समजून निश्चिंतही राहू नका.

अमेरिकेचा १९९० चा कायदा तुम्ही बाजूला ठेवावा. तिथे संकेतस्थळांवरून दरवर्षी मोठ्या संख्येने दावे दाखल होतात हे खरे आहे, परंतु ज्याचा माल महाराष्ट्राबाहेर फारसा जात नाही अशा यावलच्या विक्रेत्याला त्याची भीती घालणे हा केवळ विक्रीचा डावपेच आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. त्याच्या कलम ४० नुसार केंद्र सरकारने सुगम्यतेचे नियम करावयाचे आहेत आणि त्यांत माहिती-तंत्रज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ४६ आहे. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने आपली सेवा या नियमांनुसार, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत द्यावी, असे ते सांगते. काही प्रकारच्या सेवांना मुदतवाढ देण्याची मुभा केंद्राला आहे, परंतु लहान दुकानदारांना सरसकट सूट देणारी ओळ त्या कलमात नाही.

नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. त्यांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळांसाठी आधी केवळ सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे होती. २०२३ च्या दुरुस्तीने आयएस १७८०२ हे भारतीय मानक त्यात आणले गेले. हे मानक युरोपीय मानकाच्या धर्तीवर बेतलेले आहे आणि संकेतस्थळांपुरते बोलायचे तर त्याचा गाभा डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांचा आहे, म्हणजे तंत्रज्ञ मंडळी ज्याला 'डबल ए पातळी' म्हणतात ती.

यानंतरचा भाग गुंतागुंतीचा आहे आणि अर्धवट बातम्या वाचून लोक इथेच फसतात. राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५ चा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. हे ऐकून 'आता बंधनच उरले नाही' असे माझ्याकडे आलेल्या दोघा अशिलांनी मला सांगितले. निकालाचा रोख नेमका उलटा आहे. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र शिफारसवजा तत्त्वांकडे बोट दाखवून थांबतो, हा न्यायालयाचा आक्षेप होता. म्हणून किमान सक्तीचे निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नवे नियम करावेत, असा आदेश केंद्राला देण्यात आला. त्यापुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. बँकेचे खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीने ती कशी करावी, हा त्या खटल्यातील प्रश्न होता.

दंडाचे कलम ८९ आहे. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनाला किमान ५० हजार व कमाल ५ लाख रुपये. ईमेलवाल्यांनी फक्त शेवटचा आकडा उचलला आहे. दंड ठोठावण्याचा अधिकार कोणत्याही खासगी कंपनीला नाही आणि खासगी कंपनीने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला या कायद्यात काही स्थान नाही. तक्रार येतेच, तर ती राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे किंवा केंद्रातील मुख्य आयुक्तांकडे जाते, आणि तिथे कोपऱ्यातले चिन्ह कोणी पाहत नाही. तक्रारदाराला सेवा वापरता आली की नाही, एवढेच पाहिले जाते.

सराफ गल्ली (जळगाव)

वकीलसाहेबांची माहिती मोलाची आहे, परंतु एक व्यावहारिक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आमची सोन्याची पेढी तीन पिढ्यांची आहे. संकेतस्थळही आहे. एवढ्या वर्षांत एकाही अंध ग्राहकाने संकेतस्थळावरून दागिना मागवल्याचे मला आठवत नाही. जे ग्राहकच नाहीत त्यांच्यासाठी खर्च करावा, हे हिशेबात बसत नाही. दुकानात कोणी अंध व्यक्ती आली तर आम्ही स्वतः हात धरून आत नेतो, दागिना हातात देतो, वजन मोठ्याने वाचून दाखवतो. मी हे कुत्सितपणे विचारत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सराफ गल्ली, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देते. मी जन्मतः अंध आहे, बँकेत नोकरी करते आणि माझी बहुतेक खरेदी ऑनलाइन असते. ज्या संकेतस्थळाचा दरवाजाच मला सापडत नाही, तिथे मी ग्राहक म्हणून कधी मोजली जाणार? आपल्या नोंदवहीत मी नाही, याचा अर्थ मी आले नव्हते असा होत नाही. कदाचित आले होते आणि दहा मिनिटांनी परत गेले. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदवलेली आहे, आणि तीही जुन्या, अपुऱ्या व्याख्येनुसार.

काल रात्री मी तापीकाठ यांचे संकेतस्थळ उघडून बिबडे मागवण्याचा प्रयत्न केला. संगणकावर मी एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावरचा मजकूर ते आवाजात वाचते. काय काय ऐकू आले, ते क्रमाने सांगते.

पान उघडताच आवाज आला: 'ग्राफिक, बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर तीन'. त्यानंतर 'लिंक, ग्राफिक, आयएमजी' आणि मग आठ आकडे. असे चोवीस वेळा. म्हणजे तुमची चोवीस उत्पादने माझ्यासाठी चोवीस आकडे आहेत. मी साधारणपणे एच ही कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारते, जशी तुमची नजर ठळक अक्षरांवरून धावते. तुमच्या पानावर ठळक दिसणारी अक्षरे असतीलही, पण शीर्षक म्हणून नोंदवलेले एकही नाही, त्यामुळे उडी मारायला जागाच नव्हती.

'आमच्याविषयी' या पानावर गेले. तिथे रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविरामांचा पाऊस पडला. तो मजकूर युनिकोडमध्ये नसून छापखान्यात वापरतात तशा जुन्या फाँटमध्ये असावा. डोळ्यांना ते मराठी दिसते; यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. तुमच्या आईची गोष्ट तिथे असणार, असा मी अंदाज केला. ती मला वाचता आली नाही.

बिबड्यांचे पान अंदाजाने सापडले. तिथे किंमत मजकुरात लिहिलेली आहे, याबद्दल मनापासून आभार; कित्येक दुकाने दरपत्रक चित्रातच चिकटवतात. पण पाव किलो की अर्धा किलो हे निवडण्याचे चौकोन टॅब कळीने गाठताच येत नाहीत. ते माऊसलाच कळतात, आणि माऊस मला दिसत नाही. जे आधीपासून निवडलेले होते तेच घ्यावे, म्हणून पुढे गेले. एक निनावी 'बटण' दाबले, काहीच ऐकू आले नाही. पुन्हा दाबले, तरीही शांतता. तिसऱ्यांदा दाबले. नंतर टोपलीत गेले तेव्हा तीन पाकिटे जमा झालेली होती.

पत्त्याच्या पानावर दर वेळी एकच वाक्य: 'संपादन, कोरे'. कोणत्या चौकटीत नाव आणि कोणत्यात पिनकोड, हे सांगणारे काही नाही. पाहणाऱ्याला चौकटीत फिकट अक्षरांत सूचना दिसत असेल, ती माझ्यापर्यंत आली नाही. तोही टप्पा चाचपडत ओलांडला. मग 'मी यंत्रमानव नाही' हे सिद्ध करण्यासाठी चित्रांतून वाहतुकीचे दिवे ओळखायला सांगितले गेले. हे मी कसे सिद्ध करू? आवाजाचा पर्याय इंग्रजीत होता, तो सुदैवाने साधला. शेवटी ओटीपी आला. त्याची मुदत तीस सेकंद. फोन शोधणे, फोनमधल्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरकडून संदेश ऐकणे, परत संगणकावर येऊन योग्य चौकट शोधणे हे तीस सेकंदांत होत नाही. दोनदा मुदत संपली, तेव्हा मी थांबले. पन्नास मिनिटे गेली होती.

माझा पुतण्या शेजारीच बसला होता. त्याने दोन मिनिटांत मागणी नोंदवली असती. पण मी काय खाते, किती रुपयांचे घेते आणि माझा ओटीपी काय, हे दर वेळी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागणे हाच तर मुद्दा आहे. सराफ गल्ली, आपण हात धरून दुकानात नेता, ते चांगलेच आहे. मला पांढरी काठी घेऊन एकटीला येता येत असेल, तर ते मला अधिक आवडेल.

तापीकाठ

ताई, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. चोवीस उत्पादनांचे चोवीस आकडे होतात हे ऐकून काकू गप्प झाल्या; प्रत्येक पदार्थाचे नाव त्यांनीच बसून ठरवले होते. वडिलांनी प्रमाणपत्राचा विषय सोडला आहे. 'आमच्याविषयी'चा मजकूर गावातल्या फ्लेक्स छापणाऱ्याने त्याच्या फाँटमध्ये टंकून दिला होता आणि मी तसाच चिकटवला, एवढेच आठवते. संकेतस्थळ करणारा मुलगा आता नाशिकला नोकरीस आहे. हे सारे दुरुस्त करायचे तर नवीनच संकेतस्थळ करावे लागेल का?

भुसावळ जंक्शन

अजिबात नाही. मी बारा वर्षे लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे करतो, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे, हे आधी कबूल करतो. टॅब कळीने पुढे सरकताना निवडलेल्या बटणाभोवती जी चौकट उमटते, ती 'वाईट दिसते' असे ग्राहकाने म्हटले की मी एक ओळ लिहून ती काढून टाकत असे. कित्येक संकेतस्थळांवरून काढली. माऊस न वापरणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे दाखवणारी ती एकमेव खूण असते, हे मला फार उशिरा समजले.

आधी त्या कोपऱ्यातल्या साधनाविषयी. पान उघडल्यावर वरून एक थर चढवून अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे, चित्रांना आपोआप वर्णन देणे अशी कामे ते करते. अक्षरे मोठी करण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये मुळातच असते, आणि अंध व्यक्तीकडे स्वतःचे स्क्रीन रीडर असते. जे चौकोन कळफलकाने गाठताच येत नाहीत, ते असा थर चढवून खात्रीने दुरुस्त होत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०२५ मध्ये असेच साधन विकणाऱ्या एका कंपनीला, कोणतेही संकेतस्थळ निकषांनुसार करून देतो हा दावा फसवा असल्याचे सांगून, १० लाख डॉलर भरायला लावले. भिंतीला ओल असताना वरून रंग मारण्यासारखे हे काम आहे.

आता दुरुस्तीकडे. गिरणाकाठताईंनी जे सांगितले ते जवळजवळ सगळे मूळ एचटीएमएल, म्हणजे पान ज्या संगणकी खुणांत लिहितात ते, नीट न लिहिल्यामुळे झाले आहे. वजनाचे चौकोन आणि 'टोपलीत टाका' हे साध्या डब्यांना रंग देऊन केलेले दिसतात. त्यांच्या जागी खरे बटण आणि खरी रेडिओ निवड (अनेक पर्यायांतून एकच निवडू देणारी) वापरली की टॅब, एंटर, स्पेस या कळा आपोआप चालतात. वेगळे काही लिहावे लागत नाही. चौकटीतली फिकट सूचना हे नाव नव्हे, प्रत्येक चौकटीला लेबल जोडावे लागते. बटण दाबल्यावर 'टोपलीत १ पाकीट जमा झाले' हे वाक्य पानावर अशा जागी उमटवायचे, की तिथला बदल स्क्रीन रीडर स्वतःहून वाचेल. त्यासाठी दोन शब्दांचा एक गुणधर्म पुरतो. चित्रांचे काम काकूंनाच द्या. चित्राच्या पर्यायी मजकुरात 'उत्पादनाचे छायाचित्र' असे लिहू नये. 'ज्वारीचे बिबडे, पाव किलोचे पाकीट' असे लिहावे. शोभेच्या वेलबुट्टीचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, म्हणजे ती वगळली जाते.

मराठी संकेतस्थळांवर हमखास राहणारी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. पानाची भाषा कोणती, हे सर्वांत वरच्या ओळीत नोंदवायचे असते. तुमच्या पानावर तिथे इंग्रजी लिहिले आहे, कारण तयार साच्यात तसे होते. त्यामुळे काही यंत्रे मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतात किंवा सरळ गाळतात. देवनागरी दिसली म्हणजे मराठी, असे यंत्राला कळत नाही; लिपी हिंदीचीही तीच आहे आणि नेपाळीचीही. तिथे 'एमआर' ही दोन अक्षरे टाकली की मराठी आवाज निवडला जातो. दोन मिनिटांचे काम आहे. जुन्या फाँटमधला मजकूर मात्र परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागेल आणि मग ओळ न् ओळ वाचावी लागेल, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात.

चित्रे ओळखण्याचे कोडे काढून टाका. तुमच्या व्याप्तीच्या दुकानाला माणसांना न दिसणारी एक लपवलेली चौकट पुरते. स्वयंचलित यंत्रणा ती भरतात आणि पकडल्या जातात. ओटीपीची मुदत दहा मिनिटे करा. तीस सेकंद ही सुरक्षा नसून केवळ सवय आहे.

तपासणीसाठी लाइटहाउस, वेव्ह अशी मोफत साधने आहेत, ती जरूर चालवा, पण त्यांच्या गुणांवर विसंबू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगते. बिबड्याच्या चित्राला 'मसाला' लिहिले असेल तर त्याला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने एक मागणी पूर्ण करून पाहा. मग अक्षरे दुप्पट मोठी करून तेच करा. मग फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून. टॉकबॅक बंद कसे करायचे, हे मात्र सुरू करण्यापूर्वी वाचून ठेवा; मी पहिल्या दिवशी अर्धा तास अडकलो होतो.

माझ्या अंदाजाने तुमच्या संकेतस्थळाला तीन-चार दिवसांचे काम आहे. फक्त पैसे भरण्याचे पान पेमेंट कंपनीचे असल्याने ते आपल्या हातात नाही. तिला लिहून कळवावे आणि तोवर घरपोच मिळाल्यावर पैसे देण्याचा पर्याय चालू ठेवावा.

मिरचीपथारी (नंदुरबार)

चर्चा बहुतांशी दृष्टीविषयी झाली, म्हणून थोडे श्रवणाविषयी लिहिते. माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. मागणी नोंदवल्यावर 'आमचा प्रतिनिधी फोन करून खात्री करेल' अशी पद्धत आपल्या भागातील अनेक विक्रेते ठेवतात. फोन उचलला गेला नाही, म्हणजे उचलला तरी बोलता आले नाही, की मागणी रद्द. भावाच्या बाबतीत हे चार वेळा झाले. संदेशाने खात्री करण्याचा पर्याय द्यायला काही खर्च येत नाही.

दुसरे चित्रफितींचे. आमच्याकडील मिरचीच्या पथारीवर मिरची कशी वाळते, देठ कसे खुडतात, याची आम्हीच एक चित्रफीत केली होती आणि तिच्यात आत्या अहिराणीत समजावून सांगते. आपोआप येणाऱ्या सबटायटलांनी त्या अहिराणीचे जे काही केले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी मी ती हाताने टंकली, चार मिनिटांच्या फितीला संध्याकाळ गेली. भावाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, लिखित मराठी त्याला नंतर शिकावी लागली. म्हणून वाक्ये आखूड ठेवली. गंमत अशी, की सबटायटले आल्यापासून पुण्याचे ग्राहकही म्हणतात, आता आत्या काय सांगते ते कळते.

सराफ गल्ली

गिरणाकाठताई, 'नोंदवहीत नाही म्हणजे आले नव्हते असे नाही' हे वाक्य मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. काल माझ्या आईला, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या आणि एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बाकी असलेल्या आईला, आमचेच संकेतस्थळ फोनवर दाखवले. आमची सारी अक्षरे सोनेरी आहेत आणि पार्श्वभूमी पांढरी. आई म्हणाली, 'कोरा कागद कशाला दाखवतोस?' चिमटीने मोठे करायला गेलो, तर पान मोठेच होईना. भुसावळ जंक्शन, सोनेरी रंग ही आमच्या पेढीची ओळख आहे. तो सोडावा लागेल का?

भुसावळ जंक्शन

सोडू नका, उलटा करा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ असावे, असा निकष आहे. नेहमीचा धातूसारखा सोनेरी पांढऱ्यावर ठेवला की ते २.१ च्या आसपास येते. तोच सोनेरी गडद किरमिजीवर ठेवला तर ७ च्या वर जाते. पैठणीच्या काठासारखे दिसेल. मे महिन्यात जळगावच्या उन्हात उभे राहून फोन पाहणाऱ्या धडधाकट माणसालाही तेच वाचता येईल. चिमटीने मोठे न होणे ही चूक माझ्यासारख्याच कोणाची तरी आहे. पानाच्या सुरुवातीच्या एका ओळीत मोठे करण्यास मनाई लिहिलेली असते, ती काढून टाकायला सांगा.

पांझरेचा वकील

मला खासगी संदेशातून एकाने विचारले, म्हणून इथेच लिहितो. युरोपात थेट ग्राहकांना माल विकणाऱ्यांसाठी तिकडचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे आणि ऑनलाइन विक्री त्याच्या कक्षेत येते. दहापेक्षा कमी माणसे आणि २० लाख युरोपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. आपल्याकडून कंटेनरने केळी पाठवणारे निर्यातदार तिकडच्या व्यापाऱ्याला विकतात, घरगुती ग्राहकाला नव्हे, त्यामुळे त्यांनी यावरून झोप उडवून घेऊ नये.

सराफ गल्ली, एक पुस्ती. दरपत्रक किंवा योजनेची माहितीपुस्तिका छापील कागद स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकत असाल, तर स्क्रीन रीडरला ते केवळ चित्र असते. कागदपत्रे ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात किंवा अक्षरे ओळखता येतील अशा पीडीएफमध्ये ठेवावीत, हे २०१७ च्या नियमांतही होते.

तापीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. भुसावळ जंक्शन यांनी सुचवलेल्या एका विद्यार्थिनीने पाच दिवस काम केले. आम्ही तिला ९ हजार रुपये दिले, म्हणजे त्या साधनाच्या एका वर्षाच्या निम्मे. चित्रांची वर्णने काकूंनी सांगितली आणि मी टंकली. 'काळा मसाला' एवढे लिहून मी पुढे जात होतो, तर काकूंनी 'कमी तिखट की जास्त, ते पाकिटाच्या रंगावरून कळते, त्या बाईंना कसे कळणार?' असे विचारले, आणि सहा वर्णने पुन्हा लिहावी लागली. तिखटपणा आता सर्वांसाठीच शब्दांत लिहिला आहे. कोडे गेले, ओटीपी दहा मिनिटांचा झाला. 'आमच्याविषयी'चा मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'कळण्याची भाकरी'चे काय झाले होते, ते मिरचीपथारीताईंच्या अहिराणीशी स्पर्धा करील. फोनऐवजी व्हॉट्सॲपवर खात्री करण्याचा पर्यायही दिला आहे. पेमेंट कंपनीला दोन पत्रे लिहिली, अद्याप उत्तर नाही.

संकेतस्थळावर एक लहान पानही जोडले आहे: वापरताना अडचण आली तर या क्रमांकावर संदेश पाठवावा किंवा या पत्त्यावर लिहावे. त्या कंपनीचा दुसरा ईमेल आला आहे. या वेळी त्रुटी ५२ आहेत.

गिरणाकाठ

आज सकाळी मागणी नोंदवली. ज्वारीचे बिबडे, अर्ध्या किलोची दोन पाकिटे, आणि कमी तिखट काळा मसाला. अकरा मिनिटे लागली, पुतण्या शाळेत गेलेला होता. तुमच्या आईची गोष्ट वाचली. चुलीवर पहिला घाणा जळाल्याचा भाग मला फार आवडला. पैसे घरपोच देणार आहे, कारण पेमेंटचे पान अजूनही 'संपादन, कोरे'च म्हणते.

एक राहिले. पिनकोडमध्ये मी मुद्दाम पाचच आकडे भरून पाहिले. चौकट बहुधा लाल होत असावी, कारण पान पुढे जात नाही, पण काय चुकले ते वाचून दाखवत नाही. तेवढे त्या मुलीला सांगावे.